"कोणाचं ऐकू नकोस" म्हणणाऱ्यांसाठी

"खरा कलावंत कोणाचं ऐकत नाही." गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी निदान पाच वेळा ऐकलं, आणि पाचही वेळा आमच्याच गोतावळ्यातून. (नावं घेत नाही. वाचताय, हे ठाऊक आहे!) म्हणून आज जरा भांडायचं ठरवलंय. हे वाक्य नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते नवशिक्या माणसाचं नुकसान करतं.

निमित्त सांगतो. आमची एक भाची संगीतरचना शिकते. तिने पहिल्यांदाच पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी काहीतरी लिहिलं. (ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवात व्हायचा तो नव्हे. साठ-सत्तर वादक, प्रत्येकापुढे लिहिलेली स्वरलिपी आणि समोर कंडक्टर, तो.) रचना बारा मिनिटांची. तिच्या बाईंनी त्यावर चार पानं शेरे लिहून दिले. घरच्यांच्या प्रतिक्रिया दोनच प्रकारच्या. एक, "अप्रतिम झालंय गं!" आणि दोन, "त्या बाई जळतात तुझ्यावर, लक्ष देऊ नकोस."

ती चार पानं मात्र कोणी वाचली नाहीत. मी वाचली. त्यात मतं फारशी नव्हतीच. इथे फ्लूट खालच्या सप्तकात आहे आणि त्याच वेळी ट्रॉम्बोन जोरात वाजताहेत, फ्लूट कोणाला ऐकूच येणार नाही. इथे ओबोवाल्याला श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही. इथे व्हायोलिनवाल्यांना पान उलटायला वेळ नाही. हे जर जळणं असेल, तर असं जळणारं माणूस प्रत्येकाला मिळो!

आपल्याला हे पटायला जड जातं, त्याचं कारण आपल्या संगीतात आहे. मैफिलीत गवई स्वतःच रचतो, स्वतःच गातो आणि त्याच क्षणी स्वतः ऐकतो. एखादी जागा जमली नाही तर पुढच्या आवर्तनात वळवून घेतो. समोरच्यांची मान डोलते की नाही, तेही त्याला दिसत असतं. म्हणजे सुधारणा तिथल्या तिथे चालू असते, फक्त तिला कोणी 'फीडबॅक' म्हणत नाही. ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्याचं तसं नाही. तो महिनोन्‌महिने कागदावर लिहितो आणि खरा आवाज होतो तो सगळ्यात शेवटी, दुसऱ्यांच्या हातून. हल्ली कॉम्प्युटर वाजवून दाखवतो म्हणा. पण कॉम्प्युटरमधल्या ओबोवाल्याला कधी दम लागत नाही. त्यामुळे ज्याने अनेक वर्षं खरा ऑर्केस्ट्रा आतून ऐकलाय, अशा कोणाचे तरी कान उसने घ्यावेच लागतात.

आता "खरा कलावंत" म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांच्यापैकीच एक घेऊ. योहानेस ब्राम्स. 1853 साली, विशीतल्या या पोराची रॉबर्ट शूमनने एका लेखात जाहीर तारीफ केली. वाहवा झाली ती अशी, की आता हा काय करतो याकडे सगळे डोळे लावून बसले. 1854 मध्ये ब्राम्सने दोन पियानोंसाठी सोनाटा लिहायला घेतला. मग त्याची सिंफनी करायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा त्यातून पियानो आणि ऑर्केस्ट्राचा डी मायनर कॉन्चेर्टो काढला. पियानो त्याच्या हातातला होता, ऑर्केस्ट्रा नव्हता. मग त्याने काय केलं? मित्राला विचारलं. योसेफ योआखिम हा व्हायोलिनवादक त्याच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा, पण ऑर्केस्ट्रात मुरलेला. हस्तलिखितं दोघांमध्ये वर्षानुवर्षं जात-येत राहिली. कुठे कोणतं वाद्य ठेवायचं, कुठे जड होतंय, हे सगळं योआखिम सांगत गेला आणि ब्राम्स दुरुस्त करत गेला.

जानेवारी 1859 मध्ये हानोफरला योआखिमच्याच हाताखाली तो पहिल्यांदा वाजला. पाचच दिवसांनी लाइपझिगला वाजला आणि लोकांनी चक्क फिस्स्‌ करून हुर्यो उडवली. पियानोवर स्वतः ब्राम्स! दुसऱ्या दिवशी त्याने योआखिमला पत्र लिहिलं. त्यात रडारड नाही. साधारण सूर असा, की असं झालेलं बरंच असतं, माणूस नीट विचार करायला लागतो. मी अजून चाचपडतोच आहे. पण ते फिस्स्‌ जरा जास्तच झालं!

मला या गोष्टीत ब्राम्सची हुशारी दिसते ती इथे. योआखिमचं त्याने अक्षर अन्‌ अक्षर तपासलं, आणि लाइपझिगच्या हुर्योमुळे कॉन्चेर्टो फाडून टाकला नाही. कारण हुर्यो काहीच सांगत नाही. कुठे बिघडलं, कोणत्या वाद्यात, कशामुळे? काही नाही. आणि मंडळी, टाळ्याही नेमकं तेवढंच सांगतात, म्हणजे काही नाही! "अप्रतिम"ची गत तीच. बारा मिनिटांपैकी कोणतं मिनिट अप्रतिम, ते तरी सांगा की.

यावर एक काका म्हणतील (म्हणालेच), "टीकेने माणूस मोडतो, त्याचं काय?" मोडतो, खरंच मोडतो. रखमानिनोव्हची पहिली सिंफनी 1897 मध्ये सेंट पीटर्सबर्गला वाजली. तालमी अपुऱ्या, वादन खराब, आणि वर सेझार कुईने वर्तमानपत्रात तिची सालटी काढली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं रखमानिनोव्हच्या हातून धड काही लिहून झालं नाही. डॉक्टर निकोलाय दाल यांच्या उपचारांनंतर तो सावरला. ती सिंफनी त्याच्या हयातीत पुन्हा वाजलीच नाही. 1943 मध्ये तो गेला आणि 1945 मध्ये मॉस्कोत ती पुन्हा ऐकू आली. पण काका, त्याला मिळाला तो फीडबॅक नव्हे, निकाल होता. तोही भलत्याच गोष्टीचा, कारण नीट वाजलेली रचना कुईने ऐकलीच नव्हती. निकालातून शिकता येत नाही, तो फक्त भोगता येतो. म्हणूनच निकाल लागण्याआधी सांगणारं कोणीतरी हवं.

दुसरी शंका माझी मीच काढतो. मग सगळ्यांचंच ऐकायचं का? तेही नाही. ब्रुकनर बिचारा जवळजवळ सगळ्यांचं ऐकायचा. त्याच्या तिसऱ्या सिंफनीची 1873, 1877 आणि 1889 अशी वेगवेगळी रूपं आहेत, आणि खरी कोणती यावर अभ्यासक आजही वाद घालतात. याउलट एल्गार बघा. 'एनिग्मा व्हेरिएशन्स' 1899 च्या जूनमध्ये लंडनला गाजल्या, तरी त्याचा मित्र ऑगस्ट येगर म्हणाला, शेवट आखूड वाटतो. एल्गार आधी चिडला, अडून बसला. मग विचार केला, शेवट वाढवला आणि सप्टेंबरमध्ये स्वतः वाजवून घेतला. आज सगळीकडे वाजतो तो हाच शेवट. ऐकणं म्हणजे मान तुकवणं नव्हे. चिडा, रात्रभर कुढा, सकाळी ती जागा पुन्हा काढून बघा. पटलं तर बदला, नाही पटलं तर का नाही पटलं ते स्वतःला सांगता आलं पाहिजे.

तेव्हा "कोणाचं ऐकू नकोस" म्हणणाऱ्या समस्त नातलगांना नम्र विनंती. ऑर्केस्ट्रातलं कळत नसलं तरी हरकत नाही, मलाही फारसं कळत नाही. पण आपल्याला कुठे कंटाळा आला, हे प्रत्येकाला कळतं. कुठे गोंधळ वाटला, कुठे "हे संपू नये" असं वाटलं, हेही कळतं. पुढच्या वेळी घड्याळ समोर ठेवून ऐका आणि मिनिट-सेकंदासकट तेवढं लिहून पाठवा. "अप्रतिम" लिहायला एक सेकंद लागतो, याला बारा मिनिटं लागतील. प्रेमच दाखवायचं असेल, तर तेवढा वेळ काढायला काय हरकत आहे?