जुन्या शब्दांआडचीं माणसें

शब्द तोच राहतो, परंतु त्यांत वस्ती करणारा अर्थ पिढीगणिक बदलतो. संस्कृतांत ‘राग’ म्हणजे रंग, प्रीति. मराठींत तोच कोप झाला. संस्कृत काव्य वाचतांना आपण कोश जवळ घेतों. कादंबरी मात्र ‘आपल्याच भाषेंतली’ म्हणून कोशावांचून वाचतों, आणि तेथेंच फसगत होते.

इंग्रजी वाचकाचीहि हीच गत आहे. जेन ऑस्टिन हिच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरींत थोरली बहीण जेन हिच्या ‘कँडर’ची वाखाणणी आहे. आज या शब्दाचा अर्थ परखडपणा. त्या काळीं दुसऱ्याच्या वर्तनाकडे उदार मनानें पाहणें असा होता. आजच्या अर्थानें वाचिलें, तर कोणाविषयीं वावगा शब्द न काढणारी ती मुलगी तोंडाळ ठरावयाची!

आतां आपल्या घरांत येऊं. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूनें स्वमुखें सांगितलेली ती कहाणी. त्या काळची स्त्री पतीचें नांव घेत नसे. ‘इकडून’, ‘स्वारी’ असा त्याचा निर्देश करी. पुरुष पत्नीस ‘कुटुंब’ किंवा ‘मंडळी’ म्हणे. ‘कुटुंब आजारी आहे’ हें वाचून आजचा नातू सारें घर अंथरुणास खिळलें असें समजेल. हंसूं येतें खरें. परंतु ‘स्वारी’ म्हणतांच एक माणूस लवाजमा होतो, आणि ‘मंडळी’ म्हणतांच दुसरें माणूस समुदायांत नाहींसें होतें. तरीहि ‘इकडून’ या शब्दांत जिव्हाळा आहे. जें नांव उच्चारावयाचें नाहीं, तें ती एका दिशेंत जपून ठेविते.

खरी जोखीम आहे ती ‘सोवळी’ या शब्दांत. आजच्या मुलांस सोवळें म्हटलें कीं देवघर, रेशमी कद आणि नैवेद्य आठवतो. परंतु ‘तिला सोवळी केली’ याचा अर्थ विधवेचें केशवपन केलें, असा असे. क्रौर्यावर पावित्र्याचें वस्त्र पांघरलेला हा शब्द वडील माणसें सहज उच्चारीत. म्हणूनच आपण कांहीं अघटित करितों आहों, असें त्यांस वाटत नसे. यमूच्या वाट्यास अखेर तेंच आलें. हा अर्थ विसरला, तर वाचक शांतपणें पान उलटील, आणि ग्रंथाच्या नांवांतच विचारलेला प्रश्न पुनः अनुत्तरित राहील.

आमच्या विट्यास काय किंवा सातारा-सांगलीकडील अन्य गांवीं काय, लाल आलवणांतील अशा आत्याबाई घरोघर होऊन गेल्या. त्यांच्या हातचीं लोणचीं आपणांस आठवतात, पण त्यांचें माहेरचें नांव कितीजणांस ठाऊक आहे? म्हणून आमची सूचना इतकीच कीं, अशी कादंबरी मुलांच्या हातीं नुसती देऊं नये. रात्रीं चार माणसांत मोठ्यानें वाचावी. शब्द अडला कीं थांबावें, आणि घरांतल्या सर्वांत वडील स्त्रीस त्याचा अर्थ विचारावा. कोशांत अर्थ सांपडेल. तो कोणास भोगावा लागला, हें तीच सांगेल.