ठिपके गेले, रोग नाही

मध्यंतरी भिवंडीत एका यंत्रमाग मालकांच्या घरी गेलो होतो. खाली मागांची खडखड, वर दिवाणखान्यात चार फुटी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. त्यांच्या ब्लू टँगच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठले होते. दुकानातून 'रीफ-सेफ' म्हणून मिळालेली बाटली त्यांनी टाकीत ओतली आणि चौथ्या दिवशी मासा स्वच्छ झाला. मालक खुशीत होते. मी वाकून पाहिले, तर मासा पंपाच्या धारेत तोंड धरून उभा होता आणि कल्ल्यांची उघडझाप मोजता येऊ नये इतकी भरभर चालली होती. आठवड्याने त्यांचा फोन आला. ठिपके परतले होते, या वेळी क्लाऊनफिशवरही. टँग गेला होता.

हे ठिपके क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे. तो माशाच्या कातडीच्या आत तीन ते सात दिवस राहतो, पोट भरले की गळून पडतो आणि वाळूला, खडकाला चिकटून कवच करतो. म्हणजे ठिपके औषध न देताही जातातच. नेमक्या त्याच दिवशी बाटलीला यश मिळते आणि आपल्याला, म्हणजे दुकानदार-देखभालवाल्यांना, गिऱ्हाइकाचे धन्यवाद. कवचातून पुढे शे-दोनशे पिल्ले बाहेर पडतात. काही कवचे आठवड्यात फुटतात, काही दोन महिन्यांनंतरही. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. लसणाच्या रसाने मासा खायला लागेल कदाचित, परजीवी मरत नाही.

खात्रीचे औषध म्हणजे तांबे. आपल्याकडे द्राक्षबागायतदाराच्या घरात मोरचूद असतेच, त्यातलेच हे तांबे. पण शेतीचे मोरचूद टाकीत नको, त्यात काय मिसळलेले आहे ते कळत नाही. शुद्ध कॉपर सल्फेट वापरले तर तांब्याचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे लागते. खाली गेले तर परजीवी जगतो, वर गेले तर मासा धोक्यात. चाळीस लिटरच्या टाकीला जेमतेम ३० मिलिग्रॅम पूड लागते, मिठाच्या चिमटीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. म्हणून चमच्याने नव्हे, द्रावण करून थेंबांनी द्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ टेस्ट किटने मोजायचे, किमान चौदा दिवस, शक्यतो एकवीस.

हेच तांबे प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मारते. जिवंत खडक ते शोषून घेतो. म्हणून रीफ टाकीत तांबे घालणे हा उपचार नव्हेच. मासा बाहेर काढून वेगळ्या टाकीत न्यायचा. तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एअरस्टोन, हीटर. उन्हाळ्यात पाणी तिशीपलीकडे गेले की त्यात ऑक्सिजन कमी मुरतो, आणि परजीवीने कल्ल्यांना आधीच इजा केलेली असते. त्यात वीज गेली तर तास-दोन तासांत खेळ आटोपतो. बॅटरीवरचा एअरपंप मी चैनीत धरत नाही.

सगळ्यात अवघड भाग पुढचा आहे. सगळे मासे बाहेर काढून मूळ टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची, म्हणजे उशिरा फुटणाऱ्या कवचांतली पिल्लेही यजमानाविना मरतात. अडीच महिने रिकामी टाकी बघणे कुठल्याच घराला रुचत नाही. ते सांगायला आपली जीभ रेटत नाही, म्हणून आपण बाटली देतो. मीही पूर्वी दिल्या आहेत, आणि त्या घरांतले मासे वाचले नाहीत.

हा रोग नव्या माशासोबत घरात येतो. ब्लू टँग बहुतेक समुद्रातूनच पकडून येतो. क्लाऊनफिशची पैदास मात्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रात झाली आहे, आपल्याजवळ ऐरोलीतही होते. पैदाशीचा मासा घ्या, पण तोही महिनाभर वेगळा ठेवूनच सोडा. रोग पिशवीच्या पाण्यातूनही येतो.

माझी विनंती दुकानदार आणि देखभाल करणाऱ्या मंडळींना आहे. पहिल्या माशासोबत गिऱ्हाइकाला एक स्पंज फिल्टर द्या आणि तो मूळ टाकीच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीत, टाकायला सांगा. त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू धरायला तीन-चार आठवडे लागतात. मासा आजारी पडेल त्या रात्री तो तयार फिल्टर उचलून वेगळ्या टाकीत लावता आला पाहिजे.