अर्धी पदवी दुसरीकडे केली म्हणून?

कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून मोठ्या विद्यापीठात गेलेली आपली मुले पदवीदानाच्या तोंडावर एका नियमाला अडखळतात. ‘कम लॉडे’, ‘मॅग्ना’, ‘सुमा’ हे मान मिळवायला नुसती जीपीए पुरत नाही. ठराविक युनिट्स त्याच विद्यापीठात झालेली असावी लागतात.

यूसीएलएचेच, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसचेच घ्या. तिथे लेटर्स अँड सायन्स शाखेच्या पदवीला किमान १८० क्वार्टर युनिट्स लागतात. कम्युनिटी कॉलेजची १०५ पर्यंत धरली जातात. मानासाठी मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठात लेटर ग्रेडने केलेली ९० हवीत. म्हणजे जो पूर्ण १०५ घेऊन येतो, त्याला पदवीसाठी ७५ च उरतात. ग्रेड कितीही उत्तम असोत, मान हवा तर पदवीपुरती गरज नसलेले वर्ग घ्यायचे आणि त्यांची फी भरायची. ज्याने पैसे वाचवायलाच हा रस्ता धरला, त्याला हे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

थोड्या वर्गांवरून गुणवत्ता कशी ठरवायची, हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्त आहे. दोन कॉलेजांचे ग्रेड एका मापाने मोजता येत नाहीत, हेही खरे. म्हणून मान इथल्याच ग्रेडवर ठरवा, त्याला कोणाची हरकत नाही. पण ७५ युनिट्स म्हणजे क्वार्टरला १५ प्रमाणे पाच क्वार्टर्स, तीही बहुतेक वरच्या पातळीच्या अवघड विषयांची. एवढ्या कामावर विद्यापीठ स्वतःच्या नावाची पदवी देते; मग मानाचा निवाडा करायला तेच काम अपुरे का पडावे? पदवीसाठी जेवढे नियमाने उरते, त्याहून मानाची अट मोठी नसावी, एवढीच मागणी आहे.

नियम बदलेपर्यंत पालकांनी जागे राहावे. प्रत्येक विद्यापीठाचा, कधी प्रत्येक शाखेचा आकडा वेगळा असतो. प्रवेश घेतानाच कॅटलॉग वाचा आणि काउन्सेलरकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. ‘पास/नो पास’ने घेतलेला वर्ग पदवीत धरला जातो, पण लेटर ग्रेडच्या मोजणीत येत नाही, त्यातही मुले फसतात.

आणि आपल्या मराठी मंडळात कितीतरी प्राध्यापक आहेत. त्यांनी आपापल्या अकॅडेमिक सिनेटमध्ये हा विषय मांडावा. मुलांनी एकेकट्याने अर्ज करून हा नियम बदलणार नाही.