चलान म्हणजे बिल नव्हे

मोबाइलवर वेगाच्या ई-चलानचा मेसेज आला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, "भरून टाका, कशाला लफड्यात पडता?" दुसरा म्हणतो, "बिलकूल भरू नका, लोकअदालतीत कमी होतं." दोघेही आपापल्या परीने हुशार. पण साधा प्रश्न दोघांपैकी एकही विचारत नाही. गाडी खरोखर त्या वेगात होती का?

चलान भरायचे की लढवायचे, याचा निर्णय याच एका प्रश्नावर व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे. दंड किती, कोर्ट किती लांब, सवलत कधी मिळेल, या गोष्टी नंतरच्या. चलान हे काही लाइटबिल नाही. तो आरोप आहे. बिलाची रक्कम कमी-जास्त करून घेता येते. आरोपाला मात्र हो किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते.

मी वाटूरला राहतो. उर्दू आणि मराठी शिकवतो. मास्तर असल्यामुळे गावातले लोक बँकेची नोटीस, रेशनचा फॉर्म आणि आता चलानचे मेसेज घेऊन माझ्याकडे येतात. वाटूर फाट्यावर जालना-मंठा रस्त्याला परतूरचा रस्ता मिळतो. त्यामुळे आमच्याकडे गाडीवर पोट असणारे बरेच. त्यातला एक पिकअपवाला मोसंबीची वाहतूक करतो. त्याला एका मोठ्या शहरातून वेगाचे चलान आले. तो आला तो थेट विचारतच, "सर, भर डालूं क्या? दो हजार का है." फोटो पाहिलास का, असे विचारले तर नाही म्हणाला. संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकून फोटो उघडला. फोटोत एक पांढरी कार होती. नंबरातला 3 कुठेतरी 8 वाचला गेला होता. हा गृहस्थ त्या शहरात गेलाच नव्हता, तरीही खिशात हात घालायला तयार होता. त्याच संकेतस्थळावर आम्ही तक्रार नोंदवली, आरसी आणि गाडीचा फोटो जोडला. काही आठवड्यांनी चलान रद्द झाले. त्याला एक रुपया खर्च आला नाही.

दुसरा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या मोटारसायकलला 1000 रुपयांचे चलान होते. फोटो स्पष्ट, नंबर त्याचा, गाडीवर तोच. पण त्याला व्हॉट्सॲपवर एक मजकूर मिळाला होता, 'वेगाचे कोणतेही चलान असे रद्द करा'. मी त्याला विचारले, "बाबा, गाडी वेगात होती का?" तो हसला. मी म्हणालो, "मग भर." तो नाराज झाला. त्याला वाटले होते, सर कायदा जाणतात म्हणजे पळवाटही जाणत असतील.

कायदा जाणून घेतलाच पाहिजे, पण खोट्या चलानाला उत्तर देण्यासाठी. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून वाढीव दंड लागू झाले. वेगासाठी कारला 2000 रुपये, दुचाकीला 1000. कॅमेऱ्यांसाठी केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये नियम 167अ आणला. तो सरकारवरही काही बंधने घालतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. यंत्र अचूक चालते असे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करायला हवे. पुढे कॅमेरा आहे असा फलक लोकांना आधीच दिसेल अशा जागी हवा. चलानावर नंबरप्लेट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे. घटनेनंतर पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठवायला हवी. निकाल लागेपर्यंत ती नोंद जपून ठेवायला हवी. या नियमात ज्या 132 शहरांची यादी आहे, तीत आपल्या जालन्याचेही नाव आहे.

आणखी एक गोष्ट. चलानाचे पैसे भरतो तेव्हा कायद्याच्या भाषेत आपण 'तडजोड' करतो. कलम 200 तसेच सांगते. म्हणजे खटला चालवायचा की पैसे भरून मिटवायचे, ही निवड आपली असते. भरणे सक्तीचे नाही. ज्याला आरोप मान्य नाही त्याला कोर्टात उभे राहण्याचा हक्क आहे, आणि आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मुदतही फौजदारी कायद्यात आहे. हे सगळे लिहिलेले आहे. आपण वाचत नाही, म्हणून ते नसल्यासारखे झाले आहे.

आपल्या समाजात तर पोलीस आणि कोर्ट हे दोन शब्द ऐकले की माणूस आधी पाकीट काढतो. या भीतीला कारणे आहेत, मी ती नाकारत नाही. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत ही भीती उलटी आहे, असे मला वाटते. रस्त्यावर गाडी थांबवली की लायसन्सवरचे नाव वाचले जाते. दाढी दिसते, टोपी दिसते, आवाजाची पट्टी बदलते. कॅमेऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला नंबर दिसतो आणि वेग दिसतो. ज्याला नाव पाहून वागवले जाण्याचा अनुभव आहे, त्याने कॅमेऱ्याचे स्वागतच करायला हवे. म्हणून 'कॅमेरे हटवा' या मागणीत मी सामील होत नाही. मला कॅमेरा हवा आहे, पण तो खरा बोलणारा हवा आहे. खोटे चलान मुकाट्याने भरणारा माणूस कॅमेऱ्याला खोटे बोलायची सवय लावतो. एक चूक उघड झाली तर दुरुस्त होईल. हजार जणांनी ती पैसे भरून झाकली तर ती चूक कुणाला दिसणारच नाही.

आणि वेगाचे काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यातल्या 71 टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी 15,224 मृत्यू झाले. ताशी 90 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात 25 मीटर पुढे जाते. फाट्यावर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला घाबरून मागे वळायला तेवढा एक सेकंदही पुरत नाही. आपण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, यावर तकरीरी ऐकतो. रस्त्यावरून पायी चालणाऱ्याचा हक्क त्यात येत नाही का? शब-ए-बरातच्या आणि ईदच्या रात्री सायलेन्सर काढून गाड्या पळवणारी पोरे कुणाची आहेत? त्यांचे चलान आले की बाप 'पोलीस त्रास देतात' म्हणतो. हा त्रास नाही. हा हिशोब आहे, आणि तो पूर्ण चुकता केला पाहिजे.

म्हणूनच सवलतीच्या सल्ल्याचा मला जास्त राग येतो. लोकअदालत ही चांगली संस्था आहे. भाऊबंदकी, बँकेचे कर्ज, अपघाताची भरपाई, जिथे दोन पक्षांनी मधला रस्ता काढायचा असतो तिथे ती गरिबाला फार उपयोगी पडते. पण वेगाच्या आरोपात मधला रस्ता कोणता? अर्धा वेग होता का? तेलंगणाने मार्च 2022 मध्ये दुचाकींच्या थकीत चलानांवर 75 टक्के सूट दिली. कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये 50 टक्के. तिजोरीत पैसा आला असेल, पण लोक काय शिकले? जो प्रामाणिकपणे लगेच भरतो त्याला पूर्ण दंड. जो टाळत राहतो त्याला सूट. आणि ज्याने गुन्हा केलाच नाही, त्यालाही 'अर्ध्यात मिटतंय, मिटवून टाक' असा मोह. गुन्हेगार आणि बेगुनाह दोघांना एकाच रांगेत उभे करून एकच भाव सांगितला, तर त्याला सेल म्हणावे. इन्साफ म्हणू नये.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळते, "सर, कोर्टाच्या चकरा कोण मारणार?" हा मुद्दा खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबई-पुण्यात झालेल्या चलानासाठी वाटूरचा मजूर तिथल्या कोर्टात गेला, तर भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून दंडापेक्षा जास्त होते. ज्याला न्याय मागणे परवडत नाही, त्याने भरले तर मी त्याला दोष देणार नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जी आरोप मोबाइलवर एका सेकंदात पोहोचवते आणि उत्तर द्यायला माणसाला चारशे किलोमीटर बोलावते. जुलै 2025 मध्ये वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप केला, तेव्हा दंडमाफीची चर्चा फार झाली. मला माफी नको. आरोप जसा मोबाइलवर येतो, तसे उत्तरही मोबाइलवरून देता यावे आणि सुनावणीही तिथेच व्हावी. यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख चलानावरच छापलेली असावी. फलक नसेल तर चलान आपोआप बाद व्हावे. तक्रार फेटाळली तर कारण लिहून, मराठीत कळवावे. यातली एकही मागणी वेगात गाडी चालवणाऱ्याच्या फायद्याची नाही.

तोवर एवढे तरी करा. मेसेज आला की आधी फोटो उघडा. गाडी तुमची आहे का, ठिकाण ओळखीचे आहे का, तारखेला तुम्ही कुठे होता, गाडी कुणाच्या हातात होती, हे पाहा. मग स्वतःच्या मनाला विचारा, कारण स्पीडोमीटरचा काटा त्या दिवशी कुठे होता हे वकिलाआधी तुम्हाला ठाऊक असते. उत्तर हो असेल तर पूर्ण भरा, सवलतीची वाट पाहू नका. उत्तर नाही असेल तर त्याच दिवशी तक्रार करा, तिची प्रत जपून ठेवा, आणि कुणी अर्ध्यात मिटवतो म्हटले तरी एक रुपयाही भरू नका.