महाल पडतात, युनियन उभी राहते



अमेरिकेतील लास वेगास शहराचे नाव सिनेमाच्या निमित्ताने आपल्या कानावर आलेले असते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास या शहरातील ट्रॉपिकाना हॉटेलचे दोन मनोरे सुरुंग लावून पाडण्यात आले. १९५७ साली सुरू झालेले हे हॉटेल. पाडण्याआधी आतषबाजी झाली, आकाशात ड्रोनचे दिवे नाचले आणि काही सेकंदांत तिथे धुळीचा ढग उरला. त्या जागेवर आता बेसबॉलचे स्टेडियम होणार आहे.

सातासमुद्रापार एक हॉटेल पडले, त्याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. तिथे चैन करायला जाण्याइतका पैसा आपल्या घरात नाही, हे खरेच. पण महाल कोण बांधतो, त्यात कोणाला घेतात, त्याची झाडलोट कोण करतो आणि तो पडला की रस्त्यावर कोण येतो, हे प्रश्न आपल्याच घरातले आहेत. म्हणून आज थोडे लास वेगासविषयी.

लास वेगास हे नेवाडा राज्याच्या वाळवंटातले गाव. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. नेवाडाने जुगाराला कायद्याने परवानगी दिली आणि जवळच कोलोरॅडो नदीवर हूवर धरणाचे काम सुरू झाले. मंदीचे दिवस होते. हजारो लोक कामाच्या शोधात आले. त्यात कृष्णवर्णीय कामगारही होते, पण धरणावर काम मिळाले ते हातावर मोजण्याइतक्यांना. कामगारांसाठी बोल्डर सिटी नावाची नवी वसाहत बांधली, तिथे त्यांना घर मिळाले नाही.

१९४१ साली शहराच्या हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एल रांचो वेगास हे पहिले जुगारी हॉटेल उभे राहिले. १९४६ च्या डिसेंबरात फ्लेमिंगो आले. त्याच्या पाठीमागे बग्सी सीगल नावाचा गुंड होता. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला, पण रस्ता वाढत गेला. यालाच ‘स्ट्रिप’ म्हणतात. गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा आणि वाळवंटातली स्वस्त जमीन यांवर ही हॉटेले उभी राहिली.

या महालांच्या दारावर रंगाचा पहारा होता. नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनिअर यांच्यासारखे नामवंत कृष्णवर्णीय कलावंत रात्री रंगमंचावर गात, गोरे प्रेक्षक टाळ्या वाजवीत. पण ज्या हॉटेलची तिकिटे त्यांच्या नावावर खपत, त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. कार्यक्रम संपला की रेल्वेमार्गापलीकडच्या ‘वेस्टसाइड’ वस्तीत कोणाच्या तरी घरी भाड्याने राहायचे. या वस्तीत कितीतरी वर्षे पक्के रस्ते नव्हते, गटारे नव्हती. स्ट्रिपवर खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या कितीतरी बाया-बापड्या याच वस्तीतून जात. कला हवी, कष्ट हवेत, माणूस मात्र नको! ही रीत काय असते, ते आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

१९५५ च्या मे महिन्यात वेस्टसाइडजवळ मूलाँ रूज हे हॉटेल उघडले. तिथे काळे-गोरे दोघांनाही प्रवेश होता. मुष्टियुद्धातील जगज्जेता जो लुई पाहुण्यांच्या स्वागताला उभा असे. स्ट्रिपवरचे कार्यक्रम संपले की मोठमोठे कलावंत तिथे जमत. पण कर्जाच्या ओझ्याखाली हे हॉटेल सहा महिन्यांत बंद पडले.

हॉटेल बंद पडले, लढा बंद पडला नाही. १९६० साली डॉ. जेम्स मॅकमिलन हे दंतवैद्य कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष होते. त्यांनी महापौरांना पत्र लिहून मुदत दिली. भेदभाव थांबवा, नाही तर स्ट्रिपवर मोर्चा येईल. देशभर बदनामी होईल आणि गिऱ्हाईक तुटेल, हे मालकांना कळले. २६ मार्च १९६० रोजी त्याच बंद पडलेल्या मूलाँ रूजमध्ये बैठक झाली आणि स्ट्रिपची दारे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना उघडली. गल्ल्याला धक्का बसेल असे दिसताच रंगाचा विटाळ फिटला!

पण गिऱ्हाईक म्हणून आत जाणे वेगळे आणि चांगल्या पगाराची नोकरी मिळणे वेगळे. त्यासाठी आणखी अकरा वर्षे लागली. १९७१ साली न्यायालयात झालेल्या तडजोडीनंतर या हॉटेलांतील वरच्या नोकऱ्यांची वाट कृष्णवर्णीयांना मोकळी झाली.

त्याच वर्षीची एक हकिकत आपल्या भगिनींनी जरूर वाचावी. नेवाडा सरकारने गरीब मातांना मिळणारी मदत तोडली. शेकडो घरांतली चूल विझायची वेळ आली. रूबी डंकन ही सात मुलांची आई. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करताना पडून तिला दुखापत झाली होती. तिने वस्तीतल्या बायकांना गोळा केले. ६ मार्च १९७१ रोजी मोर्चा स्ट्रिपवर निघाला आणि थेट सीझर्स पॅलेस या आलिशान हॉटेलात शिरला. ज्या गालिच्यावर फक्त झाडू घेऊन जायचे, त्यावरून या माता लेकरांना घेऊन चालल्या. जुगाराची टेबले थांबली. त्याच महिन्यात न्यायालयाने तोडलेली मदत पुन्हा सुरू करण्याचा हुकूम दिला.

आता हॉटेलांचे रूप कसे बदलले ते पाहू. १९६९ साली नेवाडाने कायदा बदलला आणि शेअर बाजारातील कंपन्यांना कॅसिनो चालवणे सोपे झाले. टोळ्या हळूहळू मागे पडल्या, कंपन्या पुढे आल्या. २२ नोव्हेंबर १९८९ रोजी मिराज उघडले. सुमारे ३,००० खोल्या आणि दारात आग ओकणारा कृत्रिम ज्वालामुखी. त्यानंतर किल्ल्यासारखे एक्सकॅलिबर आले (१९९०), पिरॅमिडसारखे लक्सर आले (१९९३), ५,००० हून अधिक खोल्यांचे एमजीएम ग्रँड आले (१९९३). जुने पाडायचे आणि नवे बांधायचे, हा क्रमच झाला. १९९३ साली ड्यून्स पाडले, त्या जागी १९९८ साली बेलाजिओ झाले. १९९६ साली सँड्स पाडले, तिथे १९९९ साली व्हेनिशियन झाले. आत कालवे आणि होड्यासुद्धा! पूर्वी स्वस्त जेवण आणि स्वस्त खोली देऊन माणसाला जुगाराच्या टेबलाकडे ओढत. आता स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची निम्म्याहून अधिक कमाई खोल्या, खाणेपिणे, तमाशे आणि दुकाने यांतून होते. २०१६ पासून तर गाडी उभी करायचेही पैसे घेऊ लागले.

जुगाराचे गणित मात्र बदललेले नाही. तिथल्या रूलेट चक्राला ३८ घरे असतात. एका आकड्यावर एक डॉलर लावला आणि तो लागला, तर मूळ डॉलर धरून ३६ हाती येतात. म्हणजे ३८ घरांवर एकेक डॉलर लावणाऱ्यालाही दर फेरीला दोन डॉलरचा तोटा ठरलेला. यात लबाडी नाही, चक्र अगदी सरळ फिरते. तरीही घराचा मालक जिंकतो. मटक्याच्या आकड्यापायी ज्यांच्या घरातला पगार गेला, त्यांनी हा हिशोब मुलांना पाटीवर मांडून दाखवावा. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द करण्याचे ठरले, हे बरेच झाले.

मग या झगमगाटात कष्टकऱ्याला काय मिळाले? जे मिळाले ते युनियनमुळे मिळाले. क्युलिनरी युनियन, लोकल २२६ ही स्वयंपाकी, वाढपी आणि खोल्या साफ करणाऱ्या बायकांची संघटना. आज तिचे सुमारे ६०,००० सभासद आहेत. १९९० साली हॅटी कँटी ही कृष्णवर्णीय स्त्री तिची अध्यक्ष झाली. दहा मुलांची आई, नवरा वारलेला, हॉटेलात खोल्या साफ करून संसार ओढलेला. तिच्याच काळात, २१ सप्टेंबर १९९१ रोजी फ्रंटियर हॉटेलातील ५५० कामगार संपावर गेले. दिवसरात्र दारावर पहारा. उन्हाळ्यात तिथले ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. संप सहा वर्षांहून अधिक चालला आणि एकही संपकरी फुटला नाही. अखेर मालकांनी हॉटेल विकले आणि नव्या मालकाने युनियनशी करार केला. १ फेब्रुवारी १९९८ रोजी कामगार परत कामावर गेले. ते फ्रंटियर २००७ साली पाडले गेले आणि जागा पुढे अनेक वर्षे ओसाड पडून राहिली. युनियन मात्र आहे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सारे कॅसिनो ७८ दिवस बंद राहिले. हजारो घरांत पगार थांबला. युनियनने पाठपुरावा केला आणि २०२१ साली कामावरून काढलेल्यांना आधी परत घेण्याचा कायदा झाला. २०२३ च्या नोव्हेंबरात संपाची नोटीस देताच तीन मोठ्या कंपन्यांनी करार केले. पाच वर्षांत सुमारे ३२ टक्के वाढ, शिवाय खोल्या साफ करणाऱ्यांच्या कामाचा बोजा कमी. १७ जुलै २०२४ रोजी मिराज बंद झाले. तिथे आता गिटारच्या आकाराचे हॉटेल बांधत आहेत. पण युनियनच्या कामगारांना नोकरीच्या दर वर्षामागे २,००० डॉलर मिळण्याची सोय करारात होती. तीस वर्षे गादीच्या चादरी बदललेली बाई रिकाम्या हाताने घरी गेली नाही.

आपली मुले-मुली आज हॉटेलांत, मॉलमध्ये, विमानतळावर काम करतात. बहुतेकांच्या हातात कंत्राटदाराचा कागद असतो, कधी कधी तोही नसतो. काचेची इमारत पाहून आपल्यालाही बरे वाटते, पोरगा चकचकीत जागी लागला म्हणून आपण पेढे वाटतो. पेढे जरूर वाटावेत. पण त्याच संध्याकाळी त्याला जवळ बसवून विचारावे: नेमणुकीचे पत्र मिळाले का? भविष्य निर्वाह निधी कापतात का? जागा बंद पडली तर हातात काय येईल? आणि तुझ्याबरोबर काम करणारे एकमेकांना ओळखतात का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. फ्रंटियरच्या दारावर सहा वर्षे उभे राहिलेले ५५० जण एकमेकांना ओळखत होते.