किल्ली परत देण्याआधी दहा मिनिटं थांबा!

उज्जैनला निघालात? तिथून ओंकारेश्वर, वेळ उरला तर महेश्वर? या, जरूर या. दोन ज्योतिर्लिंगं एकाच फेरीत होतात, म्हणून महाराष्ट्रातली किती तरी कुटुंबं आमच्या माळव्यात येतात. पूर्वी धर्मशाळेत उतरायची. आता होमस्टेत उतरतात, कुणाच्या घराच्या वरच्या मजल्यावर, कुणाच्या शेतातल्या दोन खोल्यांत. दर्शन होतं, इंदूरच्या सराफ्यात खाणं होतं आणि निघायच्या सकाळी सामान गाडीत चढतं. घाई असते. मुलं कुरकुरत असतात. किल्ली यजमानांच्या हातात पडते आणि गाडी सुटते.

त्या किल्लीआधीची दहा मिनिटं आम्हाला द्या. मागणं एवढंच आहे.

आजच का सांगतोय? कारण २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ कुंभमेळा आहे. मागचा २०१६ मध्ये झाला. ती गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ परिसर खुला झाल्यापासून तर एरवीही सुट्टीत तिथे खोली मिळवताना नाकी नऊ येतात. उज्जैन भरलं की पाहुणे इंदूरकडे, सांवेरकडे, देपालपूरकडे सरकणार. देपालपूर म्हणजे इंदूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं तालुक्याचं गाव. याच तालुक्यात गौतमपुरा आहे, मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावाचं. म्हणजे परक्या मुलखात नव्हे, आपल्याच माणसांत तुम्ही उतरणार आहात. २०१७ पासून ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त वर्षामागून वर्ष पहिल्या आलेल्या इंदूरने २०२५ मध्ये ‘स्वच्छ शहर जोडी’ उपक्रमात याच देपालपूरचा हात धरला. गावाची घडी आत्ता कुठे बसू लागली आहे. गर्दी आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. सवय आधी लागायला हवी. ती आत्ता, याच सुट्टीत लावा.

आता जरा खोलीत चला. अकराला तुम्ही निघालात. एकला पुढचं कुटुंब येणार. मधल्या दोन तासांत कामाच्या ताईंना अशा दोन-तीन खोल्या उरकायच्या असतात. त्या आधी पलंगाकडे वळतात. चादरीची चारी टोकं धरतात, गोळा करतात आणि बोचकं छातीशी घेऊन जिना उतरतात. त्या चादरीच्या चुण्यांत दाढीचं ब्लेड राहिलं असेल तर? साडीची उघडी पिन असेल तर? आजोबांच्या इन्शुलिनची सुई असेल तर? हातात मोजे नसतात. ब्लेड तळहातात शिरतं. सुई टोचली तर काविळीसारखा आजार रक्तातून जाण्याची धास्ती महिनोन्महिने पाठ सोडत नाही. आणि हात बांधला की रोज बुडतो. घरी पोळ्या लाटायच्या असतात, धुणं असतं, मुलांच्या वेण्या असतात. सगळं त्या एका हातावर चालतं.

म्हणून पहिलं काम हे करा. उशा उचला. चादर एकदा झटका. पलंगाखाली वाकून पाहा. ब्लेड जाड कागदात गुंडाळा. सुया पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाका आणि झाकण घट्ट लावा. ग्लास फुटला असेल तर तुकडे पडद्यामागे सारू नका, वर्तमानपत्रात बांधा. आणि तोंडाने सांगा, “ताई, यात काच आहे, जपून.” ग्लासचे पैसे कुणी मागितले तर देऊन टाका. पाच-पन्नास रुपयांसाठी काच लपवणारी माणसं तुम्ही नव्हे.

इथे कुणी म्हणेल, “अहो, आम्ही पैसे मोजले आहेत. आता झाडूही आम्हीच मारायचा का?” नाही. मुळीच नाही. फरशी पुसू नका, चादरी धुऊ नका, बाथरूम घासू नका. त्याचे पैसे तुम्ही दिलेत आणि ते काम यजमानांचंच आहे. परदेशात हा वाद चांगलाच पेटला होता. सफाईचे वेगळे पैसे घ्यायचे आणि वर पाहुण्यांकडून चादरी काढून घ्यायच्या, झाडूनही घ्यायचं, अशा तक्रारींचा पाऊस पडला. अखेर २०२२ मध्ये अशा खोल्या आरक्षित करून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीने यजमानांना बजावलं की असली कामं पाहुण्यांच्या गळ्यात घालू नका. दिवे बंद करा, उरलेलं अन्न कचऱ्यात टाका, दार लावून घ्या, एवढं सांगणं रास्त. आमचंही मागणं तिथेच सुरू होतं, फक्त दोन पावलं पुढे जातं. हिशोब सोपा आहे. झाडूने, फडक्याने, साबणाने निघतं ते यजमानांचं. हातात घुसेल, नळात अडकेल, गाईच्या पोटात जाईल किंवा पेट घेईल, ते तुमचं. हा हिशोब पाठ करा. घरच्यांना सांगा.

नळात अडकणाऱ्या गोष्टींचं तर ऐकाच. बाळाचा डायपर कमोडमध्ये टाकला, बटण दाबलं, दिसेनासा झाला. संपलं? नाही, तिथून सुरू झालं. डायपरमधली आणि सॅनिटरी पॅडमधली भुकटी पाणी पिऊन फुगते. ओला टिश्यू कागदासारखा दिसतो, पण विरघळत नाही, त्यात प्लॅस्टिकचे धागे असतात. त्यावर मोरीत ओतलेलं तूप-तेल थिजतं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात असाच एक गठ्ठा सापडला. अडीचशे मीटर लांब, सुमारे १३० टन वजनाचा. तो फोडायला माणसं आणि यंत्रं कित्येक आठवडे झुंजत होती. लंडनकडे यंत्रं तरी होती. गावाकडच्या घरात अंगणाखाली सेप्टिक टाकी असते. ती तुंबली की घाण उलटी मोरीत येते. यजमानांची म्हातारी आई आणि नातवंडं त्याच घरात राहतात, हे विसरू नका.

आणि मग टाकी उपसायला कुणाला तरी बोलावलं जातं. साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसं उतरतात, कारण घरात चूल पेटवायची असते. टाकीतला वायू जास्त झाला की आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. धोका कळतच नाही. एक कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. अशा बातम्या तुम्ही वाचल्या आहेत. तुमच्या एका डायपरने कुणाचा जीव जातो असं आम्ही म्हणत नाही. पण टाकी तुंबते ती एकेका डायपरनेच. आपला त्यात एकही नको.

तेव्हा कमोडमध्ये काहीही टाकू नका. डायपर आणि पॅड कागदात नीट गुंडाळा, वर पेनाने ठळक खूण करा, वेगळ्या पिशवीत ठेवा. बाथरूममध्ये झाकणाचा डबा नसेल तर पहिल्याच दिवशी मागून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजून खिडकीबाहेर भिरकावू नका. शेगडीवर भजी तळली असतील तर तेल मोरीत ओतू नका. गार होऊ द्या, बाटलीत भरा, यजमानांना सांगा.

पुढचा धोका पिशवीचा. निघताना सगळं एका पिशवीत कोंबायची आपली खोड. उरलेली कचोरी, पोह्यांचे द्रोण, चिवड्याची रिकामी पाकिटं, देवळातून आणलेले हार, त्यात वापरलेला डायपर. पिशवीला गाठ मारायची आणि फाटकाबाहेर ठेवायची. गाठ गाईला सोडता येत नाही. तिला कचोरीचा वास येतो, ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पोटात साचत जातं. गाय चारा खाईनाशी होते आणि तडफडून जाते. ज्या घरात दोन जनावरांवर दुधाचा संसार चालतो, तिथे हे नुकसान कसं भरून काढणार? गाईला नमस्कार करूनच तर तुम्ही देवळात शिरता.

उरलेल्या पिशव्या पावसाने वाहत नाल्यात जातात, नाले नदीला मिळतात. इंदूरहून देपालपूरला येताना यशवंत सागर लागतो. गंभीर नदी अडवून होळकरांच्या काळात बांधलेला हा जलाशय. सारस पक्षी पाहायला लोक तिथे मुद्दाम थांबतात. २०२२ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ‘रामसर’ पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हीच गंभीर पुढे उज्जैनकडे जाते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी उज्जैनकर पितात. महाकालाच्या दर्शनाला येऊन महाकालाच्या गावचं पाणी आपणच नासवायचं का?

तुमच्या हातात उपाय आहे आणि तो अगदी साधा आहे. कचरा वेगळा ठेवा. ओला एकीकडे, सुका एकीकडे, डायपर-पॅड तिसरीकडे. इंदूरच्या घंटागाडीत तर सहा कप्पे असतात. ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि इलेक्ट्रॉनिक. तिथली आजीसुद्धा संत्र्याची साल आणि बिस्किटाचं पाकीट एका डब्यात टाकत नाही. शहरातल्या ओल्या कचऱ्यावर ‘गोबर-धन’ प्रकल्प चालतो, रोज ५५० टनांच्या क्षमतेचा, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला. त्यातून निघणाऱ्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. तुमच्या केळ्याच्या सालीनेही बस धावू शकते, पण साल वेगळी ठेवली तरच. हार-फुलांचं निर्माल्य पिशवीत कोंबू नका, यजमानांना विचारा, झाडाच्या बुंध्याशी घाला. न उघडलेली पाकिटं, चांगली फळं मात्र टाकू नका. ताईंना विचारून हातात द्या. उष्टं कुणाला देऊ नका.

शेवटचा धोका सगळ्यात गडबडीतला. गाडीचा हॉर्न वाजतोय, कुणी तरी अजून आंघोळीला आहे, बादलीत पाणी तापवायचा रॉड तसाच चालू राहतो. देवापुढे लावलेली उदबत्ती पडद्याजवळ. शेगडी बंद, पण सिलिंडरचा रेग्युलेटर उघडा. पाणी गेलं होतं म्हणून नळाची तोटी सोडलेली, तुम्ही निघाल्यावर पाणी येतं आणि टाकी रिकामी होते. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून, डोंगर चढवून पंपांनी आणावं लागतं. गावात तर उन्हाळ्यात बोअर आटतात. तुमच्या एका उघड्या नळापायी शेजारची बाई संध्याकाळी हंडा घेऊन निघते.

म्हणून किल्ली देण्याआधी एका माणसाने, फक्त एकाने, रिकाम्या खोलीत परत जावं. रॉड काढा. गीझर, पंखा, एसी बंद करा. रेग्युलेटर फिरवा. प्रत्येक नळाला हात लावून पाहा. उदबत्ती विझवा. ओले टॉवेल गादीवर नको, बाथरूममध्ये एकत्र ठेवा. डाग पडला असेल, काही मोडलं असेल तर दडवू नका, सांगा. खरं सांगणाऱ्या पाहुण्यावर कुणी चिडत नाही.

यजमानांनो, तुमच्याशीही दोन शब्द. पाहुण्यांकडून एवढी अपेक्षा करता, तर आधी डबे ठेवा. झाकणाचे, तीन वेगळे, वर मराठी-हिंदीत लिहिलेले. जुनी वर्तमानपत्रं ठेवा. कामाच्या ताईंना जाड हातमोजे द्या. सफाईचे पैसे घेतले असतील तर पाहुण्यांच्या हातात झाडू देऊ नका. काय हवं ते आल्या दिवशीच हसून सांगा.

आणि पाहुणे मंडळी, मुलांना या दहा मिनिटांत सामील करून घ्या. चार्जर शोधायला लावा, दिवे मोजायला लावा, सुका कचरा त्यांच्या हाती द्या. मुलं आपलं सांगणं विसरतात, वागणं विसरत नाहीत. उद्या ती मित्रांबरोबर सहलीला जातील, तेव्हा हीच सवय त्यांच्याबरोबर जाईल. आणि हेही लक्षात घ्या की यजमानही माणसंच आहेत. चार कुटुंबांनी खोलीची वाट लावली की ती म्हणतात, “आता कुटुंबं नकोत, लहान मुलं नकोत, ग्रुप नको.” दार बंद होतं ते तुमच्याच मागून येणाऱ्या म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी. सिंहस्थाच्या उन्हात दारोदार खोली शोधायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

घरी तुम्ही असे वागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पाहुणे यायचे म्हटलं की आदल्या रात्री घर लख्ख करणारी माणसं तुम्ही. तीच सवय प्रवासात सोबत ठेवा. पुढच्या सहलीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालाच असेल. आज रात्री त्यावर कामं वाटून टाका. उशा-चादरी काका पाहतील. कचरा वहिनी वेगळा करतील. नळ आणि दिवे मुलांकडे. रेग्युलेटर आणि रॉड दादाकडे, आणि खोलीतून शेवटी बाहेर पडणाराही दादाच. नावं आत्ताच लिहा, कारण निघायच्या सकाळी कुणाला काही सुचत नाही. आणि हे आवाहन त्या ग्रुपपुरतं ठेवू नका. उज्जैनला निघालेल्या प्रत्येक घराला पाठवा.