निबंधाचा विषय

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. दुसरीतली माझी लेक गृहपाठ करत होती. कागदावर प्रश्न होता : तुम्ही घरचं ख्रिसमस ट्री कसं सजवता? आमच्याकडे ट्री नसतं. तरी तिने भराभर लिहिलं : लाल गोळे, दिव्यांची माळ, बाबा मला उचलून घेतात आणि मी टोकावर तारा लावते.

‘‘अगं, हे कधी केलं आपण?’’

‘‘नाही केलं. पण असं लिहिलं की स्टिकर मिळतो, आई.’’

ऐकून हसू यायला हवं होतं, पण मला एक मुलगा आठवला.

इकडे येण्याआधी मी महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी मराठी शिकवायचे. सातवीच्या सहामाहीला निबंध दिला होता, ‘माझा आवडता सण : दिवाळी’. या मुलाने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी दिवाळी नसते. पण शेजारच्या काकू फराळाचं ताट देतात आणि ईदला आम्ही त्यांना शीरखुर्मा देतो.’ पुढे दीड पान ईद. अक्षर सुरेख, वाक्यं जिवंत. मी लाल पेनाने शेरा मारला, ‘विषय सोडून लिहिले आहे’ आणि १० पैकी ३ गुण दिले.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवाळीच आली. या वेळी त्याने पहाटेचं अभ्यंगस्नान, उटणं, किल्ला, आईच्या हातच्या चकल्या, सगळं लिहिलं. मी ९ गुण दिले आणि वर तो निबंध वर्गात वाचून दाखवला. तो खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, लाजतोय.

एम. ए., बी. एड. झालेल्या बाईला तेव्हा जे कळलं नाही, ते लेकीच्या तीन ओळींनी कळलं. तिथे आपण बहुसंख्य होतो, म्हणून प्रश्न चुकीचा असू शकतो हे मनातच आलं नाही.

या देशात हा वाद जुना आहे. पेनसिल्व्हेनियात पूर्वी शाळा भरताना रोज बायबलमधली किमान दहा वचनं वाचावी लागत. १९५६ साली अ‍ॅबिंग्टनच्या हायस्कुलात एलरी शेम्प नावाचा सोळा वर्षांचा मुलगा त्या वेळी निषेध म्हणून कुराण उघडून बसला. त्याची रवानगी मुख्याध्यापकांकडे झाली. पुढे त्याच्या घरच्यांनी दावा लावला आणि १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : सरकारी शाळेने प्रार्थना म्हणून बायबल वाचून घ्यायचं नाही, धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवायला मात्र हरकत नाही.

आपली मुलं आज त्याच वाटेने चालतात. आमच्या न्यू जर्सीत राज्य शिक्षण मंडळ धार्मिक सणांची यादी काढतं. त्या दिवशी घरी राहिलं म्हणून मुलाची परीक्षा किंवा बक्षीस बुडू द्यायचं नाही, असा नियम आहे आणि यादीत दिवाळी आहे. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना २०२३च्या कायद्याने दिवाळीची सुट्टी मिळाली. पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ला झाली. डिस्ने ज्युनियरच्या ‘मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह’मध्ये दिवाळी दिसली, तेव्हा लेक ‘‘आई, आपली रांगोळी!’’ असं ओरडत स्वयंपाकघरात आली होती. तो आनंद खराच. पण सुट्टी मिळाली, कार्टून आलं, तरी रोजच्या गृहपाठाचा प्रश्न कोण, कुणाला डोळ्यांसमोर ठेवून काढतं, हे उरतंच.

मी लेकीच्या बाईंना ईमेल लिहिली. तक्रारीचा सूर येऊ नये म्हणून चार वेळा खोडली. त्यांचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, ‘माझ्या लक्षातच आलं नाही.’ हे वाक्य माझ्या किती ओळखीचं! पुढच्या आठवड्यात नवा प्रश्न घरी आला : तुमच्या घरी कोणत्या दिवसाची वाट बघतात? लेकीने किल्ल्यावर लिहिलं. मावळे कमी पडले म्हणून लेगोची माणसं उभी केली होती, तेही लिहिलं.

आता दर रविवारी मी आपल्या मराठी शाळेत शिकवते. या सप्टेंबरात निबंध दिला, ‘आमच्या घरचा सण’. एका मुलाची आई साताऱ्याची, वडील ज्यू. त्याने हनुकावर मराठीत अर्धं पान लिहिलं : तेलात तळलेले बटाट्याचे लाटके, रोज एक मेणबत्ती जास्त आणि ‘आजीला फोनवर दाखवलं तर ती म्हणाली, ही तर दिवाळीच!’ ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने सुधारल्या. विषयाबद्दल शेरा मारला नाही.

त्या सातवीतल्या मुलाचे गुण मात्र आता कुठल्याच वहीत बदलता येणार नाहीत. तो आता मोठा झाला असेल. कुठे असेल तिथे त्याला, आणि तुम्हा सर्वांना, दिवाळीच्या शुभेच्छा.